पोल व्हॉल्ट : पाय आत पडतो तेव्हा हात कुठे असतात?

(उत्तरं उजव्या हाताची पकड वर आणि डाव्या पायावर टेकऑफ असं धरून दिली आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलटी करून वाचावं.)

प्रश्न : माझी पकड पोलच्या टोकापासून 3.60 मीटरवर, धाव 12 पावलांची. टेकऑफला पाय 25-30 सेंटिमीटर आत, म्हणजे बॉक्सच्या (पोलचं टोक टेकवतो त्या खड्ड्याच्या) जास्त जवळ पडतो. सुरुवातीची खूण मागे नेली, तरी पाय आतच. काय चुकतंय?

उत्तर : आधी टेकऑफची जागा पक्की करा. पोलचं टोक बॉक्सच्या तळाशी मागच्या बाजूला टेकवा, उजवा हात डोक्यावर पूर्ण ताणा, टाचा उचला आणि मुठीच्या बरोबर खाली डावा चवडा ठेवा. अशा वेळी मूठ जमिनीपासून 2.10 मीटरवर येत असेल, तर बॉक्सची 20 सेंटिमीटर खोली धरून तुमची जागा पोलच्या टोकापासून साधारण 2.77 मीटरवर येते. पकड 10 सेंटिमीटर वर गेली की ही जागा 13 सेंटिमीटर मागे सरकते. पकड वाढवायची आणि खूण मात्र होती तिथेच ठेवायची, हा प्रकार फार दिसतो.

मग कुणाला तरी बाजूला उभं करा आणि शेवटून सहा पावलं आधी डावा पाय कुठे पडतो ते दहा धावांत टिपून घ्या. तोही 25-30 सेंटिमीटर पुढे पडत असेल, तरच सुरुवातीची खूण मागे न्यायची. तो जागेवर पडतोय आणि टेकऑफ आत जातोय, तर गडबड शेवटच्या पावलांत आहे. तुमच्या वर्णनावरून हेच वाटतं. खूण मागे नेली की बॉक्स गाठायला पावलं आपोआप लांबतात आणि पाय पुन्हा तिथेच येऊन पडतो.

पावलं लांबण्याचं मूळ बहुतेक वेळा हातांत असतं. प्लांटला (पोल वर उचलून बॉक्समध्ये टेकवायला) उशीर झाला की शरीर वेळ काढायला शेवटचं पाऊल ताणतं. खरं तर ते आधीच्या पावलापेक्षा थोडं आखूड हवं. शेवटची तीन पावलं डावा-उजवा-डावा अशी. पहिल्या डाव्यावर उजवी मूठ कमरेपासून सुटून छातीच्या बाजूने वर निघालेली हवी, उजव्यावर ती कानाजवळ, आणि शेवटचा डावा जमिनीला लागण्याआधी दोन्ही हात डोक्यावर. मूठ अंगापासून लांब, बाजूने फिरवत आणली की हमखास उशीर होतो.

पाय आत पडला की तो जमिनीवर असतानाच पोल वरचा हात मागे खेचतो. पाठीची कमान होते, उडीची दिशा सपाट होते आणि कंबर दुखायला लागते ती वेगळीच.

सरावासाठी आधी बॉक्सशिवाय, रेषेवर चालत ही तीन पावलं मोठ्याने मोजत करा. मग पकड 40-50 सेंटिमीटर खाली घेऊन सहा पावलांची धाव, पोल न वाकवता उडी आणि मॅटवर पायांवर उतरणं. हात वेळेवर येईपर्यंत पूर्ण धावेला हात घालू नका.

प्रश्न : खालचा हात ताठ ठेवायचा की सैल? दोन प्रशिक्षक दोन गोष्टी सांगतात.

उत्तर : दोन्ही टोकं नकोत. डाव्या हाताचा जोर वर हवा, पुढे नको. कोपर ताठ करून पोल पुढे रेटला तर पोल छान वाकतो, बघायलाही बरं वाटतं, पण छाती अडते, कंबर मागे लटकते आणि पोल उभा होण्याआधीच थांबतो. मग खेळाडू बॉक्सवर किंवा धावपट्टीवर परत पडतो, आणि हे धोक्याचं आहे. उलट कोपर एकदम मोडलं तर अंग पोलला चिकटतं, पाय फिरवायला जागाच उरत नाही. टेकऑफनंतर छाती पुढे जाताना कोपर थोडं वाकू द्या, दाब मात्र सोडू नका. दोन मुठींत साधारण खांद्याच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त अंतर ठेवा. पकड फार रुंद झाली की रेटण्याचा मोह वाढतो.

बाजूने व्हिडिओ काढा आणि डावा चवडा जमीन सोडतो त्या क्षणी थांबवून पाहा. उजवा हात सरळ आहे का? पोल अजून न वाकलेला आहे का? प्रशिक्षक विताली पेट्रोव्ह यांनी पोल व्हॉल्टपटू सर्गेई बुबकाला घडवलं ते याच आग्रहाने : आधी उडी, मग पोलचं वाकणं. बुबकाने 1994 मध्ये 6.14 मीटर पार केले.

प्रश्न : हवेत गेल्यावर माझे हात लगेच वाकतात. दंडाची ताकद वाढवू का?

उत्तर : ताकद वाढवून घाईने ओढणं थांबत नाही. टेकऑफचा पाय मागे लांब राहिला पाहिजे आणि सरळ उजव्या हाताला टांगून झोक्यासारखा पुढे आला पाहिजे. हात लवकर वाकला की झोका आखूड होतो, पोलवरचा जोर कमी होतो. उंच बारला लटकून, कोपरं सरळ ठेवून पाय बारपर्यंत नेण्याचे सहा-आठ झोके, तीन फेऱ्या. ओढायचं ते कंबर खांद्यांच्या वर गेल्यावर, पोल सरळ होऊ लागताना.

प्रश्न : पोल वाकतच नाही. माझ्या वजनापेक्षा कमी वजनाचा पोल घेतला तर?

उत्तर : घेऊ नका. पोलवर लिहिलेलं वजन (तो किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे ते) तुमच्या वजनाइतकं किंवा जास्तच हवं; कमी वजनाचा पोल प्रमाणाबाहेर वाकून मोडू शकतो. आत्ता पकड 15-20 सेंटिमीटर खाली घ्या, सरळ पोलवर आत शिरा आणि टेकऑफ जागेवर आल्यावर पाच-पाच सेंटिमीटरने वर चढा, प्रत्येक वेळी खूण मोजून.