नकार कळवायचा हक्क कोणाचा?

प्रश्न : मुलाने केमिकलचा डिप्लोमा ६४ टक्क्यांनी पूर्ण केला. सिगारेटचे फिल्टर बनवणाऱ्या कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये त्याला नोकरी मिळत होती. कापूस दाबून बघायचं काम! नातेवाइकांना काय सांगायचं? मी त्याच्याच मोबाइलवरून नकार कळवून टाकला. आता एमपीएससी की डिग्री? – एक पालक, ऐरोली

उत्तर : तुमच्या पत्रातले ६४ टक्के मला खटकले नाहीत. मुलाच्या नावाने तुम्ही पाठवलेला नकार खटकला. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाने स्वतः मुलाखत दिली, निवड मिळवली आणि ती कशी गेली हे त्याला नंतर कळलं. तुम्ही रागावला असतात तर तो भांडला असता. आता तो तुम्हाला काही सांगणारच नाही. नातेवाईक काय म्हणतील, हे तुम्ही लिहिलंत. त्याला काय वाटलं, याबद्दल पत्रात एक ओळही नाही.

आणि तो कापूस नाही. फिल्टरमध्ये लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या सेल्युलोज ॲसिटेटचे हजारो बारीक तंतू असतात. त्यांवर ट्रायॲसिटिन हे द्रव फवारलं की तंतूंचा पृष्ठभाग मऊ होतो, ते एकमेकांना जिथे टेकतात तिथे चिकटतात आणि थोड्या वेळाने फिल्टरची कांडी कडक होते. फवारा कमी पडला तर फिल्टर बोटांत चेपतो. जास्त झाला तर तंतू विरघळून भोकं पडतात. तंतू वाढवले तर कडकपणा येतो, पण झुरका ओढायला जड जातो. मग भोवतीचा कागद जाड घेऊन बघतात. ठरावीक वजनाखाली कांडी किती दबते, हे मोजणं म्हणजे पॉलिमरचा चांगला अभ्यास आहे. डायलिसिसच्या पडद्यांपासून चष्म्याच्या फ्रेमपर्यंत हेच रसायन वापरात आहे.

तंबाखूच्या धंद्यात काम नको, असं तुमचं म्हणणं असतं तर मी मान दिला असता. फिल्टर कितीही कडक केला तरी सिगारेट निरुपद्रवी होत नाही. पण तो विचारही मुलाने स्वतः करायला हवा.

एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला पदवी लागते, त्यामुळे ती आज नाहीच. इंजिनीअरिंग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाच्या गुणांवर कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश मिळतो. तंतू आवडले असतील तर त्याने टेक्स्टाइल किंवा पॉलिमर शाखाही बघावी.

त्याआधी आज संध्याकाळी त्याची माफी मागा. ती नोकरी त्याला हवी असेल, तर उद्या सकाळी कंपनीला फोन तो करेल, तुम्ही नाही. आणि मला पुढचं पत्र त्याला लिहू द्या.