'निदण' आणि 'निंदा' यांचं काही नातं नाही

प्रश्न : बायबलच्या मत्तय 13 मधल्या गहू आणि निदणाच्या दाखल्यावर आमच्या मंडळीत संदेश झाला. 'निदण म्हणजे निंद्य, देवाने धिक्कारलेली माणसं' असं सांगण्यात आलं. शब्दाचा हा अर्थ बरोबर आहे का? आणि आजच्या विश्वासणाऱ्यांनी हा दाखला कसा समजून घ्यावा?

उत्तर : साफ चूक. ही फोड मी कितीतरी वर्षं ऐकते आहे आणि दर वेळी तितकाच वैताग येतो, कारण ती धरून चाललं की अख्खा दाखला उलटा होतो.

निदण हा शेतातला शब्द आहे. सातारा-सांगलीकडे भांगलण म्हणतात, पुण्या-नगरकडे खुरपणी, विदर्भ-खानदेशात निंदणी. निंदून जे काढायचं ते निंदण किंवा निदण, म्हणजे तण. संस्कृतात 'दा' हा एक धातू देण्याचा आणि दुसरा कापण्याचा. कापण्याच्या 'दा'पासून दात्र, म्हणजे विळा. त्याच धातूला 'निर्' लागला की अर्थ होतो कापून बाहेर काढणे. पालीत त्याचं 'निद्दायति' झालं, मराठीत निदणे, आणि पुढे उच्चार नाकात शिरून निंदणे. गुजरातीत तणाला आजही नींदणच म्हणतात. 'निंदा' आली ती 'निन्द्' धातूवरून, दोष देणे या अर्थाच्या. अनुस्वार आला तेव्हा दोन शब्द ऐकायला सारखे झाले, एवढंच.

पण मला खरा आनंद पुढे आहे. या शब्दाचा पूर्वज मनुस्मृतीत सापडतो, सातव्या अध्यायात, 110व्या श्लोकात : 'यथोद्धरति निर्दाता कक्षं धान्यं च रक्षति'. निर्दाता म्हणजे निंदणारा. तो जसा तण उपटून धान्य राखतो, तसं राजाने राष्ट्र राखावं आणि विरोधकांना मारून टाकावं, असा तो श्लोक. हे वाचून मत्तयाकडे या. शेतकऱ्याने गहू पेरला, लोक झोपेत असताना वैरी येऊन त्यात निदण पेरून गेला. चाकर विचारतात, जाऊन काढू का? धनी म्हणतो, नको, निदण काढताना त्याबरोबर गहूही उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. शेत तेच, तण तेच, धान्यही तेच. मनूचा निर्दाता उपटतो आणि या दाखल्यात निंदणीच थांबवली आहे! ज्या भाषांतरकाराने तणाला 'निदण' म्हटलं त्याने निंदायची वस्तू आणि निंदायला मनाई एकाच गोष्टीत आणून ठेवली. याहून नेमका मराठी शब्द मला तरी सुचत नाही.

लहानपणी मी आत्याबरोबर गव्हात खुरपायला बसायचे. गव्हासारखंच एक गवत असायचं, बुडाशी जरा लालसर. ते मला ओळखू यायचं नाही. एकदा मी जोर लावून उपटलं तर मुळांच्या गुंत्यात गव्हाची दोन रोपं वर आली. आत्याने ती पुन्हा मातीत दाबली आणि मला म्हणाली, "जोवर ओंबी दिसत नाही, तोवर तू नुसती बस."

मूळ ग्रीक शब्द झिझानिआ. ते साधंसुधं तण नाही. वनस्पतिशास्त्रात त्याला लोलियम टेम्युलेंटम म्हणतात, आणि ओंबी येईपर्यंत ते गव्हातून निवडता येत नाही. त्याच्या दाण्यात बहुधा बुरशी असते. तो पिठात आला तर माणसाला चक्कर येते, झिंग चढते. 'टेम्युलेंटम'चा अर्थच झिंगलेलं. दुसऱ्याच्या उभ्या पिकात हे बी टाकणं रोमन कायद्यालाही माहीत होतं. 533 सालच्या, सम्राट जस्टिनियनच्या डायजेस्ट या कायदेसंग्रहात अशा नुकसानीची चर्चा आहे, तेव्हा दाखल्यातला वैरी कल्पनेतला नाही. आणि मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात, वेगळ्या जाती एकत्र पेरण्याची बंदी सांगणाऱ्या 'किलायिम' प्रकरणाच्या अगदी सुरुवातीला, गहू आणि झोनिन (झिझानिआचं हिब्रू भावंड) एकत्र पेरणं हा निषिद्ध संकर धरलेला नाही. म्हणजे दोघांची जात एक मानली. पुढे मिद्राशमध्ये, म्हणजे ज्यूंच्या शास्त्रावरच्या टीकेत, हाच 'झोनिन' व्यभिचाराच्या 'झाना' शब्दाशी जोडला गेला. आपल्याकडच्या निदण-निंदेसारखंच! त्याच तणावर, तीच चूक, दोन भाषांत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. इथे माझं भांडण थेट हिप्पोच्या ऑगस्टीनशी, चर्चच्या त्या थोर जुन्या आचार्याशी आहे. चर्च फक्त शुद्ध माणसांचंच असावं म्हणणाऱ्या डोनॅटस पंथीयांशी वाद घालताना त्याने शेत म्हणजे चर्च असं धरलं, आणि गव्हाला धक्का लागण्याची भीती नसेल तिथे चर्चची शिस्त झोपी जाऊ नये, निदण काढावं, अशी वाटही काढून ठेवली. एवढा मोठा माणूस, पण मत्तय 13 मधलंच अडतिसावं वचन त्याला आड येतं : 'शेत हे जग आहे.' या एका मुद्द्यावर, शेत म्हणजे जग म्हणणाऱ्या त्याच्या विरोधकांचं वाचन सरळ होतं. आणि ती वाट एकदा उघडली की प्रत्येकाला वाटतं, माझ्या डोळ्यांना निदण स्पष्ट दिसतं. कापणारे कोण, हे एकोणचाळिसावं वचन सांगतं : देवदूत. चाकर वेगळे, कापणारे वेगळे. संदेशात कुणाकडे बोट दाखवून 'हे निदण' म्हटलं जातं तेव्हा चाकर कापणाऱ्यांचं काम करायला निघालेले असतात, तेही ओंबी येण्याआधी. घरात, मंडळीत, शेजारात माणसं ओळखण्याची घाई आपण किती करतो ते बघा आणि मग हा दाखला पुन्हा वाचा.

एक राहिलं. मोठ्याने वाचताना बरेच जण बायबलमधलं 'निदण' सुधारून 'निंदण' करतात. बोलताना खुशाल निंदण म्हणा, शेतात तसंच म्हणतात. पण छापलेल्या शब्दावर अनुस्वार चढवू नका. बिनअनुस्वाराचं रूप पालीतल्या निद्दायतिला जास्त जवळचं आहे.