परदेशात एकटं वाटतंय. हायकिंग ग्रुपमध्ये गेल्याने खरे मित्र मिळतात का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की म्युनिकला येऊन सात महिने झाले, ऑफिसबाहेर कुणी ओळखीचं नाही, हायकिंग ग्रुपचं कुणीतरी सुचवलं, कोणता ग्रुप आणि कोणते बूट घ्यावेत, आणि याने माणसात काही फरक पडतो का. शेवटी लिहिलंय, "मी विदर्भातला, आपल्याकडे डोंगर कुठे." बाकीचं एक वेळ सोडून दिलं असतं. या शेवटच्या वाक्याने मला लिहायला बसवलं.

आपल्याकडे डोंगर कुठे म्हणजे? नागपंचमीच्या तोंडावर नागपूरच्या गणेशपेठ स्टँडला एक चक्कर मारा. पचमढीच्या जादा गाड्या लागलेल्या असतात आणि त्यात तिथल्या डोंगरातल्या नागद्वारच्या यात्रेला निघालेल्या साठीच्या बाया बसलेल्या असतात. पायात स्लिपर, काही तर अनवाणी, डोक्यावर बोचकं, वरून सातपुड्याचा पाऊस, आणि तोंडी "एक नमन गौरा पार्बती, हर बोला हर हर महादेव". शेजारचा धूपगडच साडेतेराशे मीटर उंच आहे. हे लोक त्याला ट्रेकिंग म्हणत नाहीत, फोटो टाकत नाहीत, म्हणून ते कुणाच्या हिशोबात नाही.

हेच वाक्य 2014 साली मला माझ्या रूममेटने ऐकवलं होतं. तो पुण्याचा, राजगड-तोरणा पाठ असलेला. म्युनिकला आमची खोली एक, भांडी एक. "तुम्हा नागपूरकरांचा डोंगर म्हणजे सेमिनरी हिल्स," असं तो म्हणाला आणि मी हसलो. तिथेच चूक झाली माझी.

तिकडे हायकिंगला माणसं कशी जमतात हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. बायर्न-तिकीट. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर बव्हेरियातल्या लोकल गाड्यांनी फिरा, पहिल्या माणसाचे पैसे जास्त, पुढच्या प्रत्येकाचे थोडेच. शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून चालतं, एरवी सकाळी नऊनंतर. त्यामुळे चौघे जमले की पाचव्याचा शोध सुरू होतो. मी दोन वर्षं तो पाचवा होतो. तिकिटावर नाव लिहिलं जायचं आणि मला वाटायचं, आपण यांच्यातले झालो.

30 ऑक्टोबर 2016. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, म्हणजे पहाटे घड्याळं एक तास मागे गेलेली. आम्ही पाच जण, सगळे भारतातले, हेर्झोगश्टांड ते हाइमगार्टन ही दोन शिखरांमधली धार करायला निघालो. हेर्झोगश्टांड 1731 मीटर, हाइमगार्टन 1790. कोखलपर्यंत रेल्वे, तिथून बसने घाटाच्या खिंडीत, मग चढ, मग दोन्ही माथ्यांना जोडणारी अरुंद धार, आणि पलीकडे ओलश्टाट स्टेशनला उतरून परतीची गाडी. धारेवर डाव्या हाताला वाल्खनझे तलाव दिसतो, असा निळा की खोटा वाटावा. बेत रूममेटचा. मागच्या रविवारी सहापर्यंत उजेड होता, त्यावरून त्याने वेळ बांधली होती. घड्याळ फिरल्यावर त्या दिवशी सूर्य पाचच्या आतच मावळणार, हे पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. पाचही इंजिनियर बरं का.

धारेवर वीसेक मिनिटं गेलो असू, तर उजव्या बुटाने जबडा उघडला. सोल टाचेकडून सुटून चपलेसारखा फटफट वाजायला लागला. हे बूट मी सीताबर्डीवरून घेतलेले, सहा वर्षं माळ्यावर जपून ठेवलेले, जवळजवळ कोरे. दुकानदाराला शिव्या घातल्या, पण त्याची चूक नव्हती. सोलच्या आतला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने न वापरताही कुजतो. वरून चकचकीत, आतून भुसा. हे मला नंतर कळलं.

मी खाली बसलो, लेस सोलवरून गुंडाळली. बाकीचे थांबले. वारा होता, सगळे कुडकुडत होते. मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे, मी येतो."

आणि ते झाले ना पुढे.

इथे मला थोडं मागे जावं लागेल. 2009 ला मी मावशी आणि मावसभावाबरोबर नागद्वारला गेलो होतो. एका उतारावर मावशीचा गुडघा धरला. ती दगडावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी येतो हळूहळू." आमच्या टोळीत नऊ माणसं. एकही हललं नाही. कुणी "बरं वाटतं का" विचारलं नाही, कुणी धीर दिला नाही. मावसभावाने खर्रा (तंबाखू-सुपारी) काढला आणि पन्नीत घोटत बसला. दुसऱ्याला अचानक लघवी लागली. तिसऱ्याने बोचकं सोडून चिवडा काढला. अर्ध्या तासाने मावशी उठली तेव्हा सगळ्यांची कामं एकदमच संपली. "व्हा पुढं" याचा अर्थ काय, हे त्या नऊ जणांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

तर मी धारेवर एकटा. पावणेतीन झालेले. चार पावलं टाकली की लेस घसरायची. तेवढ्यात समोरून, हाइमगार्टनकडून, एक बाई आल्या, पासष्टीच्या असतील. माझा बूट बघितला आणि न विचारता स्वतःच्या चालायच्या काठीला गुंडाळलेला राखाडी टेप उलगडायला लागल्या. हे तिकडचे जुने लोक करतात. टेपचं रिंगण वेगळं नेत नाहीत, काठीलाच पाचसहा वेढे देऊन ठेवतात. त्यांनी माझा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि टाचेखालून वर, वरून खाली, असा आठाच्या आकड्यात टेप फिरवला. मला लाजेने मेल्यासारखं झालं. आईच्या वयाच्या बाईच्या मांडीवर चिखलाचा बूट!

म्हणाल्या, "पुढे चौघे भेटले मला. मागून एक जण मजेत येतोय म्हणाले."

"हो."

"तू काय सांगितलं होतंस त्यांना?"

"पुढे व्हा म्हणालो."

"मग ते पुढे गेले."

"हो."

"मग तुला राग कशाचा आलाय?"

मला उत्तर देता आलं नाही. या पूर्ण वेळ त्या मला "डू", म्हणजे अरे-तुरे करत होत्या. बव्हेरियात म्हणतात की हजार मीटरच्या वर अहो-जाहो चालत नाही. (आमच्या नागपुरात 310 मीटरवरच "बे" सुरू होतं, त्याला डोंगर लागत नाही.) त्यांनी मला परत फिरवलं, हेर्झोगश्टांडच्या रोपवेने खाली आणलं, खाली त्यांची गाडी होती, कोखल स्टेशनला सोडलं. बायर्न-तिकीट अर्थात रूममेटच्या खिशात. विनातिकिटाला साठ युरो दंड, म्हणून एकट्याचं तिकीट काढून आलो. खोलीवर पोचलो तर त्याने खिचडी करून झाकून ठेवली होती. "जेव," म्हणाला. मी म्हणालो, "जेवलो मी." सकाळपासून एक उकडलेलं अंडं पोटात, तेही त्या बाईंनी अर्धं करून दिलेलं.

आमचं भांडण तेव्हापासून आहे. त्याचं म्हणणं, तू स्वतः जा म्हणालास, आणि आम्ही ओलश्टाटला तुझ्यासाठी एक गाडी सोडली. सोडली असेल. तास-दीड तास थंडीत उभे राहिले असतील. पण माझं म्हणणं ऐका. त्या बाईंनी माझे शब्द जसेच्या तसे धरले, ते ठीक आहे. त्या जर्मन, त्यांच्याकडे माणूस बोलतो तेच त्याला हवं असतं. बाकीचे तिघेही मराठी नव्हते, सोडून देऊ. तुला तर मराठी येत होतं ना बे?

आता तुमचा प्रश्न. हायकिंगने मित्र मिळतात का? हायकिंगने सोबत मिळते, तिकीट स्वस्त पडतं. मित्र कोण ते बूट फाटल्यावर कळतं, आणि तो बहुतेक वेळा ग्रुपमध्ये नसतो. फक्त आपल्या लोकांचा ग्रुप धरू नका, असं मी स्पष्ट सांगेन. तिथे शनिवारी डोंगरावरही व्हिसा आणि फ्लॅटच्याच गप्पा होतात. जर्मन अल्पाइन क्लबच्या स्थानिक शाखेचे सभासद व्हा. 1869 साली म्युनिकलाच सुरू झालेली संस्था आहे, सभासदत्वात डोंगरातल्या बचावकार्याचा विमा येतो, डोंगरावरच्या झोपड्यांत मुक्काम स्वस्त पडतो. शाखांच्या सहलींना ठरलेला म्होरक्या असतो. तिकडे डोंगरवाटांना रंग दिलेले असतात: निळी वाट सोपी, लाल मध्यम, काळी तुमच्यासाठी नाही. पिवळ्या पाट्यांवर बहुधा किलोमीटर नसतात, तास असतात, आणि ते तास त्यांच्या पायांचे असतात.

त्या बाईंबरोबर मी पुढे दोन वर्षं चाललो. प्रत्येक वेळी तारीख तीन आठवडे आधी ठरायची. मावसभावाला हे सांगितलं तर म्हणाला, "दोस्ताले भेट्याले तारीख घेते का बे तू? कोर्टात जाऊन राहिला का?" त्याला कसं सांगू की ती तारीख त्यांनी एकदाही मोडली नाही, आणि हाच मावसभाऊ पाचला येतो म्हणून नवाला येतो.

फरक पडला का म्हणाल तर एक पडला. "थांबा, मला जमत नाहीये" हे मला तोंडाने म्हणता यायला लागलं. आधी डोंगरावर, मग ऑफिसच्या मीटिंगमध्ये. 2018 ला नागपूरला परत आलो आणि तेच महागात पडलं. इथे कुणाच्या घरी "नको, पोट भरलंय" म्हटलं आणि खरंच नको असलं, तर लोक फुगतात. मावशी आता मला दुसरी पोळी एकदाच विचारते. बरं नाही वाटत त्याचं.

राहून गेलेल्या गोष्टी: माझी माहिती जुनी आहे. मे 2023 पासून डॉइचलांड-तिकीट आलंय, महिनाभर देशभरच्या लोकल गाड्या, ज्याचं त्याचं वेगळं. म्हणजे पाचव्या माणसाची गरज तेवढी उरलेली नाही, तुम्हाला ग्रुप मिळणं अवघड जाईल कदाचित. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार लक्षात ठेवा, डोक्याला लावायचा दिवा न्या, अडलात तर 112 ला फोन करा. बुटांबद्दल एवढंच की घरून जुने आणले असतील तर सोल हाताने वाकवून बघा. भेगा दिसल्या किंवा भुसा सुटला तर टाका. आणि मी माझ्या बाजूनेच सगळं सांगितलंय हे मला कळतं. रूममेटला विचाराल तर तो खिचडीपासून सुरुवात करेल.

मागच्या दिवाळीला त्याचा फोन आला होता. तोही परत आलाय, पुण्यात असतो. एकदा तुमचा नागद्वार दाखव म्हणाला. येत्या नागपंचमीला येणार आहे. मावसभावाला मी अजून काही सांगितलेलं नाही. बघू, चढावर धाप लागल्यावर काय म्हणतो ते.