विधेयक 'समितीकडे पाठवलं' म्हणजे पुढे काय होतं? (उत्तर)

तुमचा प्रश्न असा आहे: बातम्यांत 'विधेयक समितीकडे पाठवलं' असं येतं, त्यानंतर आत नेमकं काय चालतं, तिथलं बोलणं कुणी लिहून ठेवतं का, आणि आपल्यासारख्याला ते वाचायला मिळतं का?

मी नाशिकला कर सल्लागार आहे, शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत छोटं ऑफिस आहे. राजकारणातला नाही की वकीलही नाही. पण गेल्या काही वर्षांत समित्यांचे अहवाल वाचायची वेळ आली आणि मग खोडच लागली. तेव्हा दोन अनुभवांतून सांगतो, एक माझ्या धंद्यातला आणि एक मामाच्या कांद्यातला.

आधी एक घोळ मिटवू. 'समिती' या एकाच शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात. खात्यांशी जोडलेल्या स्थायी समित्या 1993 मध्ये सुरू झाल्या. तेव्हा 17 होत्या, आता 24 आहेत. प्रत्येकीत 31 जण, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे, आणि मंत्र्याला सदस्य होता येत नाही. दुसरा प्रकार म्हणजे एकाच विधेयकासाठी नेमलेली समिती. एका सभागृहाची असेल तर प्रवर समिती, दोन्ही सभागृहांची असेल तर संयुक्त समिती. काम झालं की ती संपली. फरक महत्त्वाचा आहे, कारण स्थायी समिती फक्त शिफारस करते, तर प्रवर किंवा संयुक्त समिती विधेयकाचा मजकूरच बदलून सभागृहाला परत देते. त्या प्रतीत नवे शब्द ठळक किंवा अधोरेखित असतात आणि जिथून काही काढलंय तिथे फुल्या दिसतात. नुसत्या फुल्या शोधत गेलात तरी कशावर घासाघीस झाली ते कळतं.

आता माझा अनुभव. फेब्रुवारी 2025 मध्ये नवं आयकर विधेयक आलं, 536 कलमांचं. ते लोकसभेच्या 31 जणांच्या प्रवर समितीकडे गेलं, अध्यक्ष बैजयंत पांडा. आम्ही तिघे-चौघे सल्लागार रात्री ऑफिस बंद झाल्यावर चहा मागवून ते वाचायला बसायचो. कलम 263 वाचताना एकजण थबकला. मुदतीनंतर विवरणपत्र भरलं तर परतावा मागता येणार नाही, असा त्याचा अर्थ निघत होता. मला लगेच सिडकोतल्या आमच्या एक निवृत्त शिक्षिका आठवल्या. त्यांना कर लागतच नाही. बँक ठेवीवरच्या व्याजातून टीडीएस कापते, तो परत मिळवायला त्या विवरणपत्र भरतात. एका वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्या ऑक्टोबरमध्ये कागद घेऊन आल्या. जुन्या कायद्यात उशिरा का होईना, विवरणपत्र भरून परतावा मिळत होता. नव्या मसुद्याप्रमाणे त्यांचे पैसे गेलेच असते.

सूचना लिहायला बसलो तेव्हा पहिला मसुदा दोन पानांचा झाला आणि त्यात नुसता संताप होता. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तो बाजूला सारला आणि कोऱ्या कागदावर चार रकाने आखले: कलम कोणतं, मजकूर काय आहे, मजकूर कसा हवा, आणि का. त्यात बसेल तेवढंच लिहायचं. दोन पानांच्या सहा ओळी झाल्या. समितीपुढे कागदांचे ढीग असतात आणि काम कलमागणिक चालतं, त्यामुळे तुमचं म्हणणं कोणत्या कलमाला चिकटवायचं हे तुम्हीच सांगितलेलं बरं.

समितीचा अहवाल 21 जुलै 2025 ला आला. त्यात 285 शिफारशी होत्या, आणि परताव्याची ती अट काढा ही त्यातली एक. सरकारने 8 ऑगस्टला जुनं विधेयक मागे घेतलं, 11 ऑगस्टला सुधारलेलं मांडलं, त्यात ती अट नव्हती. आमच्यामुळे झालं असं मी मुळीच म्हणत नाही, देशभरातून कितीतरी जणांनी त्याच कलमावर बोट ठेवलं असणार. पण बाईंना फोन करून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मोतीबिंदूच्या दुसऱ्या डोळ्याला घाई नाही." एवढं पुरे.

आत काय चालतं, तर क्रम साधारण असा. आधी खात्याचे सचिव येऊन विधेयक का आणलं ते सांगतात. मग जाहिरात देऊन लेखी निवेदनं मागवतात. त्यातल्या काहींना, तसंच तज्ज्ञ, संघटना, राज्य सरकारं यांना साक्षीला बोलावतात. साक्ष हा शब्द कोर्टासारखा वाटतो, आणि हवं तर समिती शपथही देऊ शकते. त्यानंतर आक्षेप पुन्हा खात्यापुढे ठेवून उत्तरं घेतात आणि शेवटी खंडनिहाय विचार होतो, म्हणजे एकेक खंड घेऊन ठेवायचा, बदलायचा की काढायचा. (विधेयक असेपर्यंत कायदेपंडित 'खंड' म्हणतात, कायदा झाला की तोच 'कलम' होतो. आम्ही बाजारात दोन्हीला कलमच म्हणतो.) मग मसुदा अहवाल, तो स्वीकारण्याची बैठक, आणि सभागृहाच्या पटलावर, म्हणजे सभागृहात अधिकृतपणे सादर. गणपूर्तीला, म्हणजे बैठक चालायला, किमान एक तृतीयांश सदस्य लागतात, म्हणजे 31 मध्ये 11.

हे सगळं बंद दाराआड. टीव्ही नाही, पत्रकार नाहीत. अहवाल पटलावर येण्याआधी आतलं छापलं तर हक्कभंग, म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग, होऊ शकतो. लोकांना हे खटकतं, मला तितकंसं नाही. कॅमेरा नसला की खासदार पक्षाचं भाषण कमी ठोकतात आणि सचिवाला नेमका प्रश्न विचारतात, असं अहवाल वाचून तरी वाटतं.

आता नोंदीचं, कारण तुमच्या प्रश्नातला खरा मुद्दा तोच आहे. नोंदी दोन थरांच्या असतात. साक्ष चालू असताना प्रतिवेदक (बोलणं टिपून घेणारे कर्मचारी) आलटून पालटून बसून शब्दन्शब्द उतरवतात. ती प्रत साक्षीदाराला तपासायला मिळते. चुकीचा आकडा किंवा ऐकण्यातली गफलत दुरुस्त करता येते, पण म्हणणं फिरवता येत नाही. साक्षीआधी अध्यक्ष बजावतात की तुम्ही बोलाल ते प्रसिद्ध होऊ शकतं. गोपनीय ठेवा म्हणालात तरी खासदारांना ते पाहता येतं. पण ही शब्दशः नोंद समितीने पटलावर ठेवायचं ठरवलं तरच आपल्याला वाचायला मिळते. एरवी ती कपाटात.

आपल्या हाती येतं ते कार्यवृत्त, म्हणजे बैठकीची थोडक्यात नोंद. अहवालाच्या शेवटी जोडलेलं असतं आणि वाचायला अगदी कोरडं: अमुक तारीख, अमुक खोली, इतके ते इतके वाजता. उपस्थित सदस्यांची नावं. साक्षीदारांची नावं. मग 'साक्षीदार निघून गेले', 'शब्दशः नोंद ठेवण्यात आली', 'बैठक स्थगित झाली'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वैतागून बंद केलं होतं. आता मी अहवाल मागूनच उघडतो. याचं कारण मामा.

माझा मामा निफाड तालुक्यात कांदा करतो. 14 सप्टेंबर 2020 ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा त्याच्या चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) उन्हाळ कांदा पडून होता. दुसऱ्याच दिवशी, 15 सप्टेंबरला, लोकसभेने जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. तिच्यात म्हटलं होतं की कांदा, बटाटा, डाळी वगैरेंवर साठामर्यादा फक्त असाधारण परिस्थितीतच घालायची. फळं-भाज्यांसारख्या मालाचा किरकोळ भाव दुप्पट झाला तरच. मामाने मला फोनवर विचारलं, "एका हाताने मोकळीक अन् दुसऱ्या हाताने दारबंद, हे आम्हाला कुणी विचारलं का रे?" उत्तर सोपं होतं. कुणीच नाही. त्या वर्षीची तिन्ही कृषी विधेयकं, ही दुरुस्ती त्यांतलीच एक, समितीकडे गेलीच नव्हती. ना जाहिरात, ना निवेदन, ना लासलगावच्या कांदा बाजारातल्या कुणाची साक्ष. विधेयक समितीकडे पाठवणं बंधनकारक नाही. 15व्या लोकसभेत (2009-14) सुमारे 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, 17व्या लोकसभेत (2019-24) 16 टक्के. ऑक्टोबरमध्ये सरकारने कांद्यावर पुन्हा साठामर्यादा घातलीच, घाऊक व्यापाऱ्याला 25 टन, किरकोळला 2 टन.

गंमत पुढे आहे. मार्च 2021 मध्ये, दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसलेले असताना आणि सर्वोच्च न्यायालयाने कायदे स्थगित केलेले असताना, अन्न व ग्राहक व्यवहारांच्या स्थायी समितीचा भाववाढीवरचा अहवाल आला. त्यात सरकारला सांगितलं होतं की जीवनावश्यक वस्तूंची ती दुरुस्ती पूर्णपणे अमलात आणा. समितीचे अध्यक्ष होते तृणमूलचे सुदीप बंदोपाध्याय. म्हणजे कायद्यांना विरोध करणाऱ्या पक्षाच्या माणसाच्या समितीने कायद्याची भलामण केली! मामाने तर ठरवूनच टाकलं की सगळे आतून एक आहेत. मग कळलं की अहवाल स्वीकारला त्या बैठकीला अध्यक्षच नव्हते, बंगालमध्ये निवडणूक होती आणि दुसऱ्याच सदस्याने खुर्ची सांभाळली होती. काँग्रेसच्या काही सदस्यांनी लोकसभा अध्यक्षांना पत्र लिहून अंग काढून घेतलं. पण अहवाल तर पटलावर गेला होता. अहवालाच्या पहिल्या पानावर 'समिती' म्हटलेलं असतं. त्या दिवशी समिती म्हणजे कोण, हे मागच्या पानावरच्या हजेरीत असतं. तेव्हापासून मी मागून वाचतो.

मागच्या पानांवरची दुसरी चीज म्हणजे भिन्नमतपत्रिका. बहुमताशी न पटणारा सदस्य आपलं म्हणणं लेखी जोडतो. कधी कधी मूळ अहवालापेक्षा त्यातच दम असतो, कारण तिथे सरकारला काय विचारलं आणि काय टाळलं गेलं ते उघड येतं. वक्फ दुरुस्ती विधेयकाच्या संयुक्त समितीचा अहवाल 13 फेब्रुवारी 2025 ला पटलावर आला, तेव्हा भांडण यावरच पेटलं. विरोधकांच्या टिपणांतले काही भाग वगळले होते. गदारोळ झाल्यावर ते शुद्धिपत्राने जोडले गेले. तेव्हा असा अहवाल उतरवून घेताना शुद्धिपत्रही आहे का ते बघा.

आपल्या राज्यात थोडं वेगळं आहे. विशेष जनसुरक्षा विधेयक 2024 विधिमंडळाच्या 25 जणांच्या संयुक्त समितीकडे गेलं, बारा हजारांवर सूचना आल्या, आणि समितीचे प्रमुख होते महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे. संसदेच्या स्थायी समितीत मंत्र्याला बसताही येत नाही, इथे मंत्रीच प्रमुख. मला हे पटत नाही, पण नियमात बसतं. आणि पंचायत राज समिती जिल्ह्यात येणार म्हटलं की जिल्हा परिषदेच्या जिन्यांना रंग लागतो, ती समिती वेगळी. ती विधेयकं तपासत नाही, हिशेब आणि कामं तपासते.

शेवटचं, निवेदन पाठवायचं असेल तर. संसदेच्या जाहिरातीत बहुधा 15 दिवस देतात, दोन प्रती मागतात, आणि भाषा हिंदी किंवा इंग्रजी. मराठीत चालत नाही. एकदा मामाने स्वतःच एक पत्र लिहून माझ्याकडे आणलं, 'दिल्लीतल्या बोक्यांनो' अशी सुरुवात होती. ते हिंदीत करायला मी बसलो, बोके काढले, चार रकाने आखले. तिसऱ्या रकान्यात, मजकूर कसा हवा, तिथे तो बराच वेळ पेन धरून बसला. मग म्हणाला, "हे आधी कुणी विचारलंच नव्हतं, विचार करून सांगतो." अजून सांगितलेलं नाही, चाळ भरायचे दिवस आहेत.