बोयाची दोरी हातात धरा, अंगाला अडकवू नका

दिवाळीच्या सुट्टीत मालवण, नेत्राणी, अंदमानचे बेत ठरू लागले की खान्देशातून एसएमबीबद्दल, म्हणजे डायव्हरने पाण्याखालून वर सोडायच्या लांबट नारिंगी बोयाबद्दल, तेच तेच प्रश्न येतात. या बोयामुळे बोटवाल्याला खाली माणूस आहे हे कळतं आणि तो बोट लांब ठेवतो. त्यातले काही प्रश्न इथे एकदाच घेतो.

प्रश्न (शहादा) : नाताळात कुटुंबासह मालवणला पहिल्यांदाच स्कुबा करणार आहोत. चौघांसाठी चार एसएमबी घेऊ का?

एकही घेऊ नका. पहिल्या अनुभवाच्या डायव्हमध्ये इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच असतो आणि बोयाची काळजी त्याची असते. दमा, कानाचा त्रास किंवा रक्तदाब असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना मात्र विचारा.

प्रश्न (धुळे) : रंग नारिंगी घ्यावा की पिवळा?

नारिंगी. काही ठिकाणी पिवळा बोया म्हणजे ‘मदत हवी आहे’ अशी खूण मानतात, पण हा नियम सगळीकडे सारखा नाही. तुमच्या बोटीवर काय ठरलं आहे, ते पाण्यात उतरण्याआधी विचारून घ्या.

प्रश्न (भुसावळ) : ऑनलाइन ‘प्रोफेशनल किट’ निम्म्या किमतीत मिळतंय. एक मीटरचा बोया, १५ मीटर दोरीची रील आणि शिट्टी. घेऊ का?

नको. ‘प्रोफेशनल’ हा शब्द खोक्यावर छापायला पैसे पडत नाहीत. एक मीटरचा बोया शांत पाण्यात दिसतो, लाटा उठल्या की दोन लाटांच्या मध्ये गडप होतो. दीड मीटरच्या आसपासचा घ्या. तोंड खाली पूर्ण उघडं असलेला नको, वर पोचून आडवा पडला की त्यातली हवा निघून जाते. आत गेलेली हवा परत येऊ न देणारा घ्या, आणि जास्त झालेली हवा आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह त्याला आहे ना, ते हाताने चाचपून बघा. १५ मीटर दोरी १८ मीटरच्या डायव्हला पुरणार कशी? प्रवाहात दोरी तिरकी जाते, त्यामुळे खोलीच्या निदान दीडपट हवी. नवख्याने खटक्याच्या रीलपेक्षा साधा स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेलं बिनखटक्याचं रीळ, घ्यावा, अडकण्यासारखं त्यात कमी असतं. आणि पैसे देण्याआधी ज्यांच्याकडे कोर्स केलात त्यांना वस्तू दाखवा. फोटोवरून ठरवू नका.

प्रश्न (जळगाव) : माझा ओपन वॉटर, म्हणजे स्कुबाचा पहिला कोर्स झाला आहे. ग्रुपमधला एक अनुभवी मित्र म्हणतो, स्पूल आधी बीसीडीच्या, म्हणजे अंगातल्या हवा भरायच्या जॅकेटच्या, डी-रिंगला (कडीला) अडकवायचा आणि मगच बोया फुगवायचा, म्हणजे हातातून सुटला तरी हरवत नाही. बरोबर आहे ना?

साफ चूक. हा सल्ला दर हंगामात कुणाच्या तरी अनुभवी मित्राच्या नावाने माझ्यापर्यंत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे बोयात पाच लिटर हवा भरली, तर वर जाईपर्यंत ती दहा लिटर होते. दहा लिटर हवा म्हणजे सुमारे दहा किलोची उचल. आता दोरीचा एक वेढा स्पूलमध्ये फसला आणि स्पूल तुमच्या अंगाला अडकवलेला आहे, असं समजा. बोया तुम्हाला घेऊनच वर निघतो. घाबरलेला माणूस श्वास रोखतो. दहा मीटरवर रोखलेली हवा पृष्ठभागाकडे येताना फुप्फुसात दुप्पट होऊ पाहते, आणि त्याने फुप्फुस फाटू शकतं. हरवेल काय, तर एक बोया आणि स्पूल. त्यांची किंमत तुमच्या जिवाशी लावू नका.

करायचं असं. आधी वर बघा, डोक्यावर बोट किंवा दुसरा डायव्हर नाही ना. जोडीदाराला खूण करून समोर घ्या. बोया उलगडा, दोरी फिन्सपासून आणि पाइपांपासून लांब आहे हे डोळ्यांनी पाहा. मग स्पूलची क्लिप काढून ठेवा आणि संक्रांतीची फिरकी धरावी तसा स्पूल दोन बोटांत सैल धरा. नळीतून एक-दोन उच्छ्वास भरा, लगेच रेग्युलेटर (श्वास घ्यायचं साधन) परत तोंडात, आणि बोया सोडा. दहा मीटरवर अर्धा भरला तर वर पूर्ण फुगतो. वीस मीटरवर एक तृतीयांश पुरतो. पाच मीटरवर मात्र दोन तृतीयांश भरावा लागतो, म्हणून सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येतानाच्या पाच मीटरवरच्या थांब्याला, पोचल्यावर घाईने सोडलेला बोया बहुतेकदा मरगळलेला दिसतो. स्पूल अटकला, तर हात उघडा. दोरी ओढू नका, सोडवत बसू नका, जाऊ द्या. सगळं नीट झालं तर दोरी ताणलेली ठेवून गुंडाळत, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा हळू वर या आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा.

वाचून हे येत नाही. पुढच्या डायव्हआधी इन्स्ट्रक्टरसमोर निदान एकदा करून दाखवा. ते ‘ठीक’ म्हणेपर्यंत बोया त्यांनाच सोडू द्या.

प्रश्न (अमळनेर) : लहानपणापासून विहिरीत पोहतो. बोया सोडायचा सराव शेतातल्या विहिरीत किंवा हतनूर धरणात करता येईल?

दोन्हीकडे नाही. विहिरीत मोटारीची केबल, पाइप आणि दोर असतात. दोरी गुंतायला आणि शॉक लागायला एवढं पुरेसं आहे. हतनूर हे तापीवरचं ४१ दरवाज्यांचं धरण आहे. पाणी गढूळ, तळाला गाळ आणि मासेमारीची जाळी. विहिरीत शिकलेला माणूस पाण्याला भीत नाही, हे मोठं भांडवल आहे. ते घेऊन तरणतलावात जा, इन्स्ट्रक्टर सोबत असू द्या. दोरी सोडणं आणि गुंडाळणं दोन मीटर पाण्यातही शिकता येतं.

प्रश्न (चाळीसगाव) : बोया गाडीच्या डिकीत ठेवला तर चालेल?

नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात असतो, बंद डिकीत त्याहून जास्त. कापडाचा लेप चिकटतो, जोड सुटतात. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, दोरी सगळी उलगडून सावलीत वाळवा.

प्रश्न (नंदुरबार) : अंदमानात बोया सोडताना ओढला गेलो आणि एकदम वर आलो. परत आल्यापासून खांदा दुखतो, बोटांना मुंग्या येतात. घरचे म्हणतात गारठा बसला, मालिश कर. चार दिवस झाले. काय करू?

मालिश थांबवा आणि आजच डॉक्टरांकडे जा. चार दिवस वाट बघायलाच नको होती. वेगाने वर आल्यावर रक्तात आणि ऊतींत नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. सांधेदुखी आणि मुंग्या ही त्याचीच लक्षणं असू शकतात. चालताना तोल जाणं, लघवी अडणं, धाप लागणं यातलं काही असेल, तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात. ऑक्सिजन आणि दाबाच्या चेंबरमधले उपचार उशिरा सुरू झाले तरी उपयोग होऊ शकतो, पण तो निर्णय या क्षेत्रातल्या डॉक्टरांचा. त्यांना न विचारता पुढचा विमानप्रवास किंवा उंच घाटाचा रस्ता धरू नका, आणि डायव्हिंग तर अजिबात नको. गेल्या गेल्या पहिल्याच वाक्यात सांगा की स्कुबा केलं होतं. किती खोल, किती वेळ, वर किती वेगाने आलात, नंतर विमानात कधी बसलात, हे कागदावर लिहून न्या. डायव्ह कॉम्प्युटर असेल तर तोही सोबत न्या.