'वॉकर' हे इंग्रजी आडनाव चालण्यावरून आलं का? आज ते कुठे आढळतं?

पायांशी संबंध आहे, भटकंतीशी नाही. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ आणि तेलकट असतं. ते हौदात शिळ्या मूत्रात किंवा मुलतानी मातीसारख्या मातीच्या पाण्यात भिजवून तासन्‌तास तुडवायचे. तेल सुटायचं, लोकर आटून वीण घट्ट बसायची. हे तुडवणारा तो वॉकर. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे हे काम करू लागले, तरी नाव टिकलं.

खरी मौज पुढे आहे: याच धंद्याला इंग्लंडच्या उत्तरेत, विशेषतः यॉर्कशायरमध्ये वॉकर म्हणत, नैर्ऋत्येला डेव्हनकडे टकर आणि आग्नेयेला ससेक्स-केंटकडे फुलर. म्हणजे आडनावावरूनच मूळ प्रांताचा अंदाज येतो.

आज वॉकर इंग्लंडभर आहेत. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातही भरपूर. अमेरिकेत कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांचंही हेच आडनाव आहे.

मूळ शोधताना आजची वस्ती पाहू नका, ब्रिटनच्या १८८१ च्या जनगणनेतली पाहा. सगळे वॉकर एका कुळातले समजणं ही नेहमीची चूक. धंद्याचं नाव गावोगावी स्वतंत्रपणे पडलं. स्कॉटलंडमधल्या काही वॉकरांचं आडनाव तर 'मॅक अन उखकदर', म्हणजे 'कापड तुडवणाऱ्याचा मुलगा', या गेलिक नावाचं भाषांतर आहे.