इनुक्टिटुटचा टिंबवाला त्रिकोण: एक कोड की दोन?

तुम्ही विचारलंय की कॅनडातल्या इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेतलं दीर्घ 'ई'चं अक्षर, म्हणजे डोक्यावर टिंब असलेला त्रिकोण, एका कोडने साठवायचं की त्रिकोण आणि टिंब वेगवेगळे. आणि डोळ्यांना दिसणारे शब्द शोधात का सापडत नाहीत?

एकाच कोडने, यू+१४०४ (जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमधला, १६ च्या पायातला क्रमांक). नुसता त्रिकोण, ऱ्हस्व 'इ', यू+१४०३. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे हे क्रमांक फाइलमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, दोन्ही तीन बाइटचे: ई१ ९० ८४ आणि ई१ ९० ८३.

'मजकूर एनएफसीत आणा, सगळं जुळेल' हा सल्ला मी कायम ऐकत आलोय. एनएफसी हे युनिकोडचं एक नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या कोडांनी लिहिलेलं असलं तर ते एका ठरावीक रूपात आणणं. या लिपीसाठी तो साफ चुकीचा आहे. मराठी माणसाला तो पटतो, कारण आपल्याकडे तो लागू पडतो: 'वाऱ्यावर'मधला ऱ (यू+०९३१) आणि र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) हे युनिकोडच्या लेखी एकच, एनएफसी त्यांना जोडतं. यू+१४०४ ची अशी फोड युनिकोडने ठेवलेलीच नाही. १९९९ च्या ३.० आवृत्तीत ही अक्षरं टिंबासकट अखंड आली. त्यामुळे यू+१४०३ पुढे वरचं टिंब यू+०३०७ टाइप केलं, तर पडद्यावर तेच दिसेल, पण कुठलंही नॉर्मलायझेशन त्याचं यू+१४०४ करणार नाही. याच मुद्द्यावर एका सहकाऱ्याशी माझा वाद झाला होता. त्याने एनएफसी दोनदा चालवलं, फाइलमधला एक बाइटही हलला नाही.

तेव्हा बदली हातानेच लिहा: १४०३+०३०७ चं १४०४, १४०५+०३०७ चं १४०६, १४०ए+०३०७ चं १४०बी. व्यंजनांच्या ओळींसाठी तक्ता समोर ठेवून जोड्या लावा. टिंब सरसकट पुसू नका, स्वराच्या लांबीने शब्द बदलतो. मग ग्रीक डेल्टा (यू+०३९४) शोधा. घाईत तोच टाइप केलेला असतो आणि दिसतो हुबेहूब.

याच लिपीत लिहिल्या जाणाऱ्या क्री या कॅनडातल्या दुसऱ्या भाषेचा मजकूर असेल तर जपून. तिथे त्रिकोणाच्या बाजूचं टिंब म्हणजे 'व', लांबी नव्हे. पूर्वेकडे ते डावीकडे, यू+१४०ई. पश्चिमेकडे उजवीकडे, यू+१४०एफ. हे दोन वेगळे कोड आहेत, एकाचा दुसरा करू नका.

आणि फाइल युनिकोडच्या आधीची, नुनाकॉमसारख्या फॉन्टमधली असेल, तर आत रोमन अक्षरांचेच कोड असतात, आपल्या कृतिदेवसारखे. तिथे वरचं काहीच चालणार नाही, आधी त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागेल.